विश्वामित्रीकाठचे बडोदे

काशीचे नाव घेतले की गंगा आठवते, नाशिकचे घेतले की गोदावरी, उज्जैनचे घेतले की क्षिप्रा. बडोद्याचे तसे नाही. बडोदे म्हटले की लक्ष्मीविलास राजवाडा डोळ्यांसमोर येतो, महाराजा सयाजीराव आठवतात, विद्यापीठ आणि कमाटीबाग आठवते. विश्वामित्रीची आठवण बहुधा पावसाळ्यात होते, तीही पाणी रस्त्यावर आल्यानंतर. वस्तुतः हे नगर जन्मले या नदीच्या काठी, आपली जागा बदलली ती हिच्याच पुरामुळे आणि वैभवाला चढले तेही हिच्याच खोऱ्यात अडवलेल्या पाण्यावर. म्हणून बडोद्याचा इतिहास सांगताना आरंभ नदीपासूनच करणे उचित ठरते.

नदी आणि भूमी

बडोद्याच्या उत्तरेस मही आणि दक्षिणेस नर्मदा अशा दोन मोठ्या नद्या वाहतात. त्या दोहोंच्या मधल्या सपाट, सुपीक मैदानातून विश्वामित्री वाहते. तिचा उगम ईशान्येकडील पावागडच्या डोंगरात होतो. विश्वामित्र ऋषींनी या परिसरात तप केले आणि त्यांच्यावरूनच नदीला हे नाव मिळाले, अशी लोकश्रद्धा आहे. सूर्या नदी तिला येऊन मिळते, पुढे जांबुवा मिळते. मग ती ढाढर नदीत विलीन होते आणि हे सारे पाणी अखेर खंभातच्या आखाताला जाते.

पावागडचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच आहे. बडोदे मात्र जेमतेम ३५ ते ४० मीटर उंचीवर वसलेले आहे. डोंगरावर कोसळलेला पाऊस काही तासांतच मैदानात उतरतो आणि मैदानात आल्यावर त्याला पुढे सरकण्यास उतार उरत नाही. त्यामुळे नदी सर्पाकार वळणे घेत, रेंगाळत वाहते. उन्हाळ्यात ती ओढ्यासारखी दिसते; श्रावण-भाद्रपदात मात्र तिचे रूप ओळखू येत नाही. तिच्या दोन्ही अंगांना पाण्याने कोरलेल्या घळी आहेत. त्यांना येथे ‘कोतर’ म्हणतात. ही कोतरे आणि गावोगावची तळी म्हणजे पुराचे पाणी क्षणभर विसावण्याच्या जागा होत. नदीने स्वतःसाठी केलेली ही सोय पूर्वजांना ठाऊक होती. म्हणून जुन्या वस्त्या उंचवट्यावर वसत आणि सखल जमीन पाण्यासाठी मोकळी ठेवली जाई.

अंकोट्टक आणि वटपद्रक

बडोद्याची सर्वांत जुनी ज्ञात वस्ती आजच्या शहराच्या गाभ्यात सापडत नाही. ती नदीच्या पश्चिम काठावर, आज अकोटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात होती. तिचे प्राचीन नाव अंकोट्टक. विसाव्या शतकाच्या मध्यास येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा ठेवा मिळाला. पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्ती आज सयाजीबागेतील संग्रहालयाचे भूषण ठरल्या आहेत. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास करून ग्रंथ सिद्ध केला. राजपुत्राच्या वेशातील ध्यानस्थ महावीराची, म्हणजे जीवंतस्वामीची, मूर्ती पाहिली की या काठावर कोणत्या दर्जाचे कलाजीवन नांदत होते याची कल्पना येते.

अंकोट्टकाच्या पूर्वेस, नदीच्या पलीकडच्या उंचवट्यावर वडाच्या झाडांमध्ये एक लहानसे गाव होते. त्याचे नाव वटपद्रक. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात, राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराजाने हे गाव भानुभट्ट नावाच्या ब्राह्मणाला दान दिल्याचा उल्लेख आढळतो. त्या काळी हे गाव अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांच्या विभागात मोडत असे. पुढे चित्र पालटले. नदीच्या पुरांनी त्रस्त झालेले लोक हळूहळू पूर्वेकडच्या उंच जागी सरकले, असे अभ्यासक मानतात. मुख्य नगर ओसरत गेले आणि दान दिलेले खेडे नगर झाले. वटपद्रक, वडपद्र, वडोदरा आणि मराठी जिभेवर बडोदे, असा या नावाचा प्रवास आहे.

गुजरातच्या सल्तनतकाळात या नगराभोवती तट उभा राहिला. पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट असे चार दरवाजे आणि मध्यभागी मांडवी ही त्या चौरस नगराची रचना आजही पायी फिरणाऱ्याला सहज कळते. नदी पश्चिमेच्या तटापासून बरीच दूर ठेवलेली आहे. सतराव्या शतकात याच नगरात प्रेमानंद हा गुजराती आख्यानकवी होऊन गेला. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या घटावर ठेका धरत आख्यान सांगणारा माणभट्ट हा गुजरातच्या लोकसंस्कृतीचा मोठा ठेवा. पुढे मराठी कीर्तनकार या नगरात आले तेव्हा कथेसाठी रात्र जागवणारा श्रोता त्यांना येथे तयार मिळाला, तो अशा परंपरेमुळेच.

मराठ्यांचे आगमन

अठराव्या शतकाच्या आरंभी सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या सैन्यात पुणे प्रांतातील दावडीचे गायकवाड घराणे पुढे आले. दमाजी गायकवाड यांनी १७२० च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम गाजवला आणि त्यांना ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळाला. त्यांच्यानंतर पुतणे पिलाजीराव यांनी सोनगडच्या किल्ल्यावरून गुजरातेत मराठी सत्तेचा पाया घातला. १७३१ मध्ये बडोद्याजवळच डभोई येथे पेशवे आणि दाभाडे यांची गाठ पडली. त्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे कामी आले. पुढच्याच वर्षी डाकोर येथे पिलाजीरावांचा दगाफटक्याने वध झाला. तरीही १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे पुन्हा जिंकले. त्यानंतर १९४९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, ते त्यांच्याच ताब्यात राहिले.

तलवारीबरोबर लेखणी आली. शिलेदारांच्या मागोमाग कारकून, पुराणिक, वैद्य, सराफ आणि गवई आले. वाड्यांच्या चौकांत तुळशीवृंदावने उभी राहिली आणि दप्तरात मोडी लिपी रुळली. दिवाण भाऊ तांबेकर यांच्या लाकडी वाड्याच्या भिंतींवर पुराणकथा, श्रीकृष्णलीला आणि समकालीन जीवन यांची चित्रे रंगली. ती आजही पाहता येतात. तथापि हे राज्य मराठी होते आणि प्रजा बहुतांशी गुजराती होती. राज्यकर्त्यांची भाषा आणि प्रजेची भाषा यांत जे अंतर पडते ते येथेही पडले असते. ते कमी झाले ते पुढे एका शेतकऱ्याच्या मुलामुळे.

घरोघर पाणी, घरोघर अक्षर

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी पदच्युत केले. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तेच सयाजीराव तिसरे. तोवर त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. एलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि सर टी. माधवराव यांनी दिवाण म्हणून राज्याची घडी बसवली. कुंभकोणम येथे जन्मलेले माधवराव हे तंजावर प्रांतातील मराठी घराण्याचे. कावेरीकाठी वाढलेल्या मराठी माणसाने विश्वामित्रीकाठच्या मराठी राज्याला सावरावे, हा योग हृद्य आहे. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी देह ठेवीपर्यंत ती सांभाळली.

त्यांच्या कारकिर्दीतील दोन कामे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले काम पाण्याचे. तोवर नगराची तहान विहिरी, वावी आणि तलाव यांवर भागत असे. उन्हाळ्यात पाणी आटे, साथी पसरत. शहराच्या पूर्वेस आजवा येथे सूर्या नदीवर मातीचे धरण बांधण्यात आले. अभियंता जगन्नाथ सदाशिवजी यांनी आखलेले हे काम १८९२ मध्ये पूर्ण झाले. जलाशय नगरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उपसण्यासाठी यंत्राची गरज नव्हती. केवळ उताराने ते नळांतून नगरात पोचे. सयाजी सरोवर म्हणून ओळखला जाणारा हा जलाशय आजही शहराच्या काही भागाची तहान भागवतो.

दुसरे काम अक्षराचे. सरोवर पूर्ण झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यास लागू झाला. मुलांबरोबर मुलींनाही ही सक्ती होती. ज्या काळी इंग्रज सरकार आपल्या मुलखात असा कायदा करण्यास राजी नव्हते, त्या काळी एका संस्थानाने हे धाडस केले. शाळा सुटल्यावर अक्षर विसरू नये म्हणून ग्रंथालये हवीत, हेही सयाजीरावांनी ओळखले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांत आणि खेड्यांत शाखा आणि जेथे शाखा नाही तेथे पेट्यांतून जाणारे फिरते ग्रंथालय, अशी ही व्यवस्था होती. मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयाचे काचेच्या फरशीचे मजले आणि पोलादी मांडण्या पाहून आजचा विद्यार्थीही थबकतो.

उंचावर साठवण करायची आणि उताराने शेवटच्या घरापर्यंत पोचवायचे, हे आजव्याचे तत्त्व. बडोद्याने तेच तत्त्व विद्येलाही लावले. बडोदे महाविद्यालय, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये उभे केलेले कलाभवन, गायनशाळा, प्राच्यविद्या मंदिर आणि १९०८ ची बँक ऑफ बडोदा ही सारी त्याच सरोवरातून निघालेली पाटे होत. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी कलाभवनातच शिक्षण घेतले. अरविंद घोष यांनी १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे येथे व्यतीत केली. विनोबा भावे यांचे शालेय शिक्षणही याच नगरात झाले.

मराठी बडोदे

महाराष्ट्राबाहेर मराठी सारस्वताची जी मोठी केंद्रे निर्माण झाली, त्यांत बडोद्याचे स्थान अग्रभागी आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीरावांच्या सेवेत रुजू झाले. राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी जी टिपणे काढली, त्यांतून ‘रियासत’ ग्रंथमाला आकारास आली. ‘रियासतकार’ ही पदवी महाराष्ट्राने दिली. पण तिची बैठक बडोद्याची. कवी चंद्रशेखर येथे राजकवी होते. कवी माधव जूलियन यांचा जन्म १८९४ मध्ये याच नगरात झाला. १९०९, १९२१ आणि १९३४ असे तीन वेळा मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले. १९२१ च्या संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर होते. त्यानंतर दीर्घ काळ लोटला आणि २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय संमेलन पुन्हा विश्वामित्रीकाठी भरले.

तथापि बडोद्याचे खरे वैशिष्ट्य मराठीच्या एकटेपणात नाही. १९३१ मध्ये सिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा कोश आठ भाषांत आहे. गुजराती आणि मराठी त्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत. रस्त्यावरही त्या तशाच नांदतात. गणेशोत्सवाची मिरवणूक आणि नवरात्रीचा गरबा या नगराला सारखेच आपले वाटतात. मराठी उसळीवर गुजराती शेव पसरून येथे ‘सेव-उसळ’ झाली आणि ती कोणाची, हा प्रश्न खाणाऱ्याला पडत नाही. दरबारगायक उस्ताद फैयाझ खाँ यांच्या मैफलीला जमणाऱ्या श्रोत्यांतही गुजराती, मराठी, हिंदू, मुसलमान असा भेद नव्हता.

विश्वामित्रीच्या काठी गायकवाड घराण्याच्या स्मृत्यर्थ कीर्तिमंदिर उभे आहे. त्याच्या भिंती रंगवण्यासाठी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले. त्यांनी तेथे चितारलेला पहिला विषय होता गंगावतरण. बंगालचा चित्रकार, गुजरातची भूमी, मराठी राजघराणे आणि भिंतीवर उतरणारी गंगा असा हा संगम आहे.

१९१७ चा एक दिवस

गौरवाच्या ओघात एक प्रसंग वगळला तर हा इतिहास अपुरा राहील. सयाजीरावांनी १९१३ मध्ये एका बुद्धिमान तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. करारानुसार नोकरीसाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास परतले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी राहण्यास जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी कसेबसे काही दिवस काढले. तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. निवाऱ्यासाठी त्यांनी परिचितांना विचारले, तेथेही नकार आला. विदेशात उच्च पदव्या मिळवलेला हा विद्वान अखेर विश्वामित्रीकाठच्या कमाटीबागेत झाडाखाली जाऊन बसला. तेथे त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले.

राजाने सरोवर बांधले, नळ घातले, शाळा काढल्या. पण उताराने वाहणारे पाणी बंद दारापाशी थांबते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. कायदा अक्षर देऊ शकतो, घराचे दार मात्र माणसालाच उघडावे लागते. त्या झाडाच्या जागेला आज ‘संकल्पभूमी’ म्हणतात. बडोद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्ष्मीविलास राजवाडा पाहावा. आणि त्याआधी ही जागा पाहावी.

आजची विश्वामित्री

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून हे नगर गुजरात राज्यात आहे. विलीनीकरणाच्या आदल्याच दिवशी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. श्रीमती हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पुढे कारखाने आले, वसाहती वाढल्या, शहर नदी ओलांडून पश्चिमेकडे पसरले. म्हणजे ज्या काठावरून पूर्वजांनी पुराला कंटाळून स्थलांतर केले होते, तेथेच नव्या पिढीने घरे बांधली.

या वाढीत कोतरे बुजली, तळी भरून त्यांवर इमारती उठल्या आणि नदीत सांडपाणी सोडले गेले. पात्रात आजही शेकडो मगरी राहतात. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत मगरींनी टिकून राहावे, हे जगात विरळाच. पण त्यांच्याकडे पाहायला कठड्याशी थांबणारे लोक पाण्याकडे मात्र पाहात नाहीत. मग नदी स्वतःच आठवण करून देते. जुलै १९२७ मध्ये गुजरातभर महापूर आला, तेव्हा बडोद्यानेही त्याचा तडाखा सोसला. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले आणि वस्त्यांत आलेल्या मगरी पकडून पुन्हा पाण्यात सोडाव्या लागल्या. त्यानंतर २०२५ मध्ये पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. ते आवश्यकच होते. पण पात्र खोदून नदी परत मिळत नाही. पाण्याच्या विसाव्याच्या जागा पाण्याला परत द्याव्या लागतात.

बडोद्याच्या मराठी घरांपुढेही आज असाच प्रश्न आहे. भाषा ही देखील वाहती गोष्ट आहे. तिच्या कडेची लहान लहान तळी, म्हणजे आजीची गोष्ट, वाचनालयातील पुस्तक, चौकातले कीर्तन, शाळेतील पाठांतर, ही बुजत गेली की प्रवाह अरुंद होतो आणि एक दिवस त्याचा नुसता ओढा उरतो. सयाजीरावांनी पाणी आणि अक्षर या दोन्ही गोष्टी राजाच्या मेहरबानीतून काढून प्रजेच्या हक्कात आणल्या. हक्क मिळाल्यावर राखण्याची जबाबदारीही प्रजेकडे येते. जुन्या पुलावरून जाताना एखाद्या मुलाने आईचा हात धरून खाली पाहावे आणि ‘ही कोणती नदी?’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मराठीतून, पावागडपासून आजव्यापर्यंत आणि अंकोट्टकापासून संकल्पभूमीपर्यंत, सांगता येईल अशी घरे या नगरात असावीत. बडोद्याचा वारसा जपण्याचा आरंभ तेथूनच होतो.